वरच्या दाढा दुखत आहेत; दुखणे दातांचे आहे की सायनसचे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. गेले २३ दिवस माझ्या उजव्या बाजूच्या वरच्या दाढा दुखत आहेत. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी कारणे सांगितल्यामुळे पुढे काय करावे हे मला ठरवता येत नाही. येत्या सोमवारी रूट कॅनॉलची, म्हणजे दाढेतली नस काढून मुळातल्या नळ्या भरण्याची, वेळ दिली आहे, आणि त्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझे वय ४७ आहे आणि मी माध्यमिक शाळेत शिकवते. दिवाळीनंतर थंडी पडू लागली तेव्हा मला साधी सर्दी झाली. ताप आला नाही. आठवड्याभरात सर्दी उतरली, पण उजवा गाल जड राहिला आणि त्याच बाजूच्या वरच्या दाढांमध्ये ठणका सुरू झाला. वह्यांचा गठ्ठा उचलायला खाली वाकले किंवा शाळेचा जिना भरभर उतरले की प्रत्येक पावलाचा दणका दाढांमध्ये जाणवतो. नेमकी कोणती दाढ दुखते असे कोणी विचारले तर मला एका दाढेवर बोट ठेवता येत नाही. थंड पाणी किंवा गरम चहा घेतल्याने दुखणे वाढत नाही.

प्रथम मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढांवर ठोकून पाहिले तेव्हा तिन्ही दाढा दुखल्या. सर्वांत मागच्या दाढेत जुने सिमेंट भरलेले आहे, त्याखाली कीड गेली असावी, असे सांगून त्यांनी त्या दाढेचे रूट कॅनॉल सुचवले. नंतर मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सायनसचे निदान करून सात दिवसांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या आणि नाकात मारायचा फवारा दिला. गोळ्यांनी बराच आराम पडला, परंतु त्या संपल्यावर चार दिवसांत दुखणे परत आले.

मी इतकी घाबरण्याचे कारण घरातच आहे. माझ्या जाऊबाईंच्या दोन वरच्या दाढा अशाच दुखण्यावरून काढल्या गेल्या, आणि त्या काढल्यानंतरही त्यांचे दुखणे गेले नाही. जो दात एकदा काढला तो परत येत नाही, म्हणून खात्री होईपर्यंत मी माझ्या दाढेला हात लावू देण्यास तयार नाही.


पारिजात (पुणे)

गोदाकाठताई, मलाही दोन वर्षांपूर्वी असाच त्रास झाला होता. सर्दीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी दोन्ही बाजूंच्या वरच्या दाढा एकदम दुखू लागल्या, इतक्या की भाकरी चावणे अशक्य झाले. आमच्या दंतवैद्यबाईंनी प्रत्येक दात थंड लावून तपासला आणि सगळे दात निरोगी असल्याचे सांगून एकाही दाताला हात लावला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि साधी वेदनाशामक गोळी एवढ्यावर बाराव्या दिवशी दुखणे पूर्ण थांबले. मात्र तुमचे दुखणे एकाच बाजूला आहे आणि तेवीस दिवस टिकले आहे, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडेल असे मला वाटत नाही.


दंतवैद्य_सातारा

मी २१ वर्षे दंतवैद्यक करत आहे. इथे केवळ वाचून निदान करणे योग्य नाही आणि ते मी करणार नाही, पण सोमवारी आपण कोणत्या गोष्टी विचारून घ्याव्यात हे निश्चित सांगू शकतो. त्यासाठी आधी त्या जागेची रचना समजून घ्यावी लागेल.

गालाच्या हाडाच्या आत, डोळ्याच्या खोबणीखाली आणि वरच्या दाढांच्या डोक्यावर एक हवेची पोकळी असते, तोच गालाचा सायनस. प्रौढ माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. या पोकळीचा तळ म्हणजेच वरच्या दाढांच्या मुळांवरचे छत. दुसऱ्या दाढेची मुळे या तळाच्या सर्वांत जवळ असतात, त्यानंतर पहिल्या दाढेची आणि मग दुसऱ्या उपदाढेची, म्हणजे दाढांच्या लगेच पुढच्या लहान दाताची. काही माणसांत मधले हाड काही मिलिमीटर जाड असते, तर काहींत ते कागदासारखे पातळ असते. क्वचित मुळाचे टोक पोकळीत डोकावते आणि दोघांमध्ये फक्त पातळ अस्तर उरते. इंग्रज वैद्य नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ साली या पोकळीचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यांच्यासमोर सुळा काढल्यानंतर पोकळी उघडी पडून तिच्यातून सतत स्राव येत असलेली एक स्त्री रुग्ण होती. दात आणि सायनस यांचे हे शेजारपण वैद्यकाला इतक्या जुन्या काळापासून ठाऊक आहे, आणि तरीही आजही दातांचे डॉक्टर फक्त दाताकडे व नाकाचे डॉक्टर फक्त नाकाकडे पाहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेजारपण केवळ हाडाचे नाही. वरच्या दाढांना संवेदना देणाऱ्या नसा याच पोकळीच्या भिंतीतून खाली उतरतात, आणि पोकळीच्या अस्तराची संवेदनाही त्याच नसेच्या शाखांमधून मेंदूकडे जाते. त्यामुळे अस्तर सुजले की मेंदूला दुखण्याचा संदेश मिळतो, परंतु तो छतावरून आला की छताखालच्या दाढेतून आला हे त्याला ओळखता येत नाही. म्हणूनच आपल्याला एका दाढेवर बोट ठेवता येत नाही.

दुखणे सायनसचे असते तेव्हा सहसा एका ओळीतल्या दोन-तीन वरच्या दाढा एकत्र दुखतात, ठोकल्यावर सगळ्याच थोड्याफार दुखतात, आणि वाकल्यावर, उडी मारल्यावर किंवा जिना उतरताना दुखणे वाढते. दाताच्या नसेचा दाह असतो तेव्हा बहुधा एकच दात थंड किंवा गरम लागताच कळ देतो, ती कळ थंड काढून घेतल्यावरही मिनिटभर किंवा अधिक रेंगाळते, आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढून झोप उडते. खालच्या दाढांचे दुखणे सायनसवर ढकलता येत नाही, कारण त्यांची नस वेगळी आणि त्यांच्याजवळ ही पोकळीच नाही.

केवळ ठोकून पाहणे ही पुरेशी तपासणी नाही, कारण सायनसच्या दाहातही निरोगी दाढा ठोकल्यावर दुखतात. म्हणून सोमवारी प्रत्येक दाढेची थंडाची चाचणी करून घ्या. अतिथंड फवारा मारलेला कापसाचा बोळा दातावर टेकवतात. निरोगी दाताला थंडी जाणवते आणि बोळा काढताच जाते. ज्या दातातली नस मेली आहे त्याला काहीच जाणवत नाही. मागच्या दाढेने निरोगी उत्तर दिले, तर तिचे रूट कॅनॉल करण्याचे कारण उरत नाही.

आता तीन प्रश्न विचारतो. स्राव एकाच नाकपुडीतून येतो का? त्याला किंवा तोंडाला दुर्गंधी जाणवते का? आणि त्या बाजूच्या कोणत्याही वरच्या दाताचे पूर्वी रूट कॅनॉल झाले आहे का, मग तो दात आज दुखत असो वा नसो?


शिवारवाट (पंढरपूर)

डॉक्टरसाहेब, आमच्याकडे दाढ दुखली की आई मशेरी लावते आणि शेजारच्या काकू लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. दोघींनाही आराम पडतो. मग सायनसच्या दुखण्यात याचा उपयोग होतो का?


दंतवैद्य_सातारा

लवंगेच्या तेलातील युजेनॉल या घटकामुळे किडलेल्या दाताची उघडी पडलेली नस काही काळ बधिर होते. निरोगी दातावर ते ठेवून वरच्या पोकळीतली सूज कमी होणार नाही, आणि तेल हिरडीवर सांडले तर हिरडी पोळते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तो गालात धरल्याने बधिरता येते, सवय जडते, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्या आईंना मशेरीने आराम पडतो, याचा अर्थ त्यांच्या दाताला किंवा हिरडीला काहीतरी झाले आहे. कृपया त्यांना एकदा तपासून घ्या. पंढरपूरहून सोलापूरला जाणे होत असेल तर तिथल्या शासकीय रुग्णालयात दंत विभागात दाखवता येईल.


गोदाकाठ (नाशिक)

डॉक्टर, आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आहेत, आणि त्यातल्या दोन गोष्टी मी आतापर्यंत कोणत्याही डॉक्टरांना सांगितलेल्या नाहीत.

स्राव फक्त उजव्या नाकपुडीतून येतो आणि घट्ट, पिवळसर असतो. त्याला इतकी दुर्गंधी आहे की वर्गात मुलांच्या जवळ जाऊन बोलण्याचा मला संकोच वाटू लागला आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण आपण विचारले म्हणून लिहिते. नीट आठवून पाहिले तर ही दुर्गंधी या सर्दीच्या आधीपासून, निदान पावसाळ्यापासून, अधूनमधून येत होती. मी ती पोटाची समजून काढे घेत राहिले.

दुसरी गोष्ट अशी की उजव्या बाजूच्या पहिल्या वरच्या दाढेचे रूट कॅनॉल नऊ वर्षांपूर्वी झाले असून तिच्यावर कॅप आहे. त्या दाढेने एवढ्या वर्षांत एक दिवसही त्रास दिला नाही. ती दाढ ‘झालेली’ आहे, तिच्यात आता नसच नाही, मग ती दुखणार कशी, अशा समजुतीने मी तिचा उल्लेख केला नव्हता.


कान_नाक_घसा_नागपूर

मी नाक-कान-घशाचा तज्ज्ञ आहे. आधीच्या प्रतिसादात दातांची बाजू नेमकी मांडली आहे, म्हणून मी नाकाची बाजू मांडतो.

साध्या सर्दीत सायनसचे अस्तर सुजतेच, आणि बहुतेकांना ते विषाणूमुळे होते. असा त्रास ७ ते १० दिवसांत उतरणीला लागतो आणि त्याला प्रतिजैविकांची गरज नसते. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा एकदा बरे वाटून पुन्हा बिघडले, तर जिवाणूंचा संसर्ग झाला असावा असे आम्ही मानतो. हा सर्वसाधारण मार्ग झाला. गोदाकाठताईंच्या वर्णनात मला तीन गोष्टी वेगळ्या दिसतात: फक्त एक बाजू, दुर्गंधी, आणि गोळ्यांनी तात्पुरता आराम मिळून दुखणे परत येणे. नाकाकडून सुरू झालेल्या दाहात सहसा दोन्ही बाजूंना थोडाफार त्रास असतो, आणि एवढी दुर्गंधी क्वचित असते. दातांच्या मुळाशी जे जिवाणू वाढतात ते प्राणवायूशिवाय जगणारे असतात, आणि अशी घाण दुर्गंधी बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच येते.

या पोकळीची एक अडचण मुळातच आहे. तिचे नाकात उघडणारे छिद्र तळाशी नसून आतल्या भिंतीवर, वरच्या अंगाला असते. त्यामुळे पोकळीतला स्राव आपोआप वाहून जात नाही. अस्तरावरची अतिसूक्ष्म केसांसारखी लव त्याला सतत वर ढकलत त्या छिद्रापर्यंत नेते. अस्तर सुजले की लव नीट काम करत नाही, छिद्र बंद होते आणि पू साचतो. खाली दाढेच्या मुळातून जिवाणू सतत येत असतील, तर प्रतिजैविके रक्तातून काही दिवस त्यांना थोपवतात, पण मेलेल्या मुळाच्या आत रक्तच पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. गोळ्या थांबल्या की सगळे पूर्ववत होते.

जुन्या ग्रंथांमध्ये दातांमुळे होणाऱ्या सायनसच्या दाहाचे प्रमाण १० ते १२ टक्के दिलेले आढळते. सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यापासून मात्र गालाच्या सायनसच्या दीर्घकालीन दाहात हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत असल्याचे काही अभ्यासांतून दिसले आहे, आणि एकाच बाजूचा दाह असेल तर ते याहूनही अधिक निघते. अमेरिकेतील रूट कॅनॉल तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली याच विषयावर स्वतंत्र निवेदन काढले. मी स्वतः विद्यार्थिदशेत एकतर्फी दाहात दात तपासायला शिकलो नव्हतो. पहिल्या काही वर्षांत मी ज्यांच्या सायनसची शस्त्रक्रिया केली त्यांपैकी काहींचे दुखणे परत आले, तेव्हा त्यांचे दात मी नीट पाहिले नव्हते, याची मला आजही खंत आहे.

दोन सूचना सर्वांसाठी. नाक मोकळे करणारे फवारे, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले, सलग पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत, कारण नंतर फवारा थांबताच नाक अधिकच चोंदते. आणि मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून कोमट केलेलेच घ्यावे. नळाचे, विहिरीचे किंवा नदीचे न उकळलेले पाणी नाकात घेऊ नये, कारण अशा पाण्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन प्राणघातक संसर्ग करू शकतो. असे रुग्ण दुर्मीळ असले तरी केरळमध्ये आढळले आहेत.

गोदाकाठताई, आपण सीबीसीटी करून घ्यावी असे मला वाटते. हा जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे असतो. छोट्या साध्या एक्स-रेमध्ये वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची आणि सायनसची सावली पडते, त्यामुळे मुळाच्या टोकाचा दोष लपून राहू शकतो.


परिचारिका_मराठवाडा

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. या धाग्यावर येणारे अनेक वाचक मधुमेही असतील, म्हणून एक गोष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजते.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाचे, रुग्ण आमच्या वॉर्डात येऊ लागले. महाराष्ट्र आणि गुजरात ही त्यात सर्वाधिक रुग्ण असलेली राज्ये होती. त्यांतले कितीतरी रुग्ण आधी दातांच्या दवाखान्यात जाऊन आले होते, कारण त्यांची पहिली तक्रार दाढ दुखणे किंवा वरचे दात हलू लागणे हीच होती. बहुतेकांना मधुमेह होता आणि करोनाच्या उपचारात स्टिरॉइड मिळाली होती. एका शेतकरी दादांनी हलणारी दाढ गावातच काढून घेतली, जखम भरली नाही, आणि ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या टाळूचा भाग काळा पडला होता. त्यांचा वरचा जबडा काढावा लागला. ते वाचले, पण आठ दिवस आधी आले असते तर कदाचित जबडाही वाचला असता.

साथ ओसरली तरी ही बुरशी नाहीशी झालेली नाही. ज्यांची साखर आटोक्यात नाही, ज्यांचे अवयव प्रत्यारोपण झाले आहे किंवा ज्यांना कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी वरच्या दाढांच्या दुखण्याबरोबर गाल बधिर होणे, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, काळसर स्राव किंवा चांगले दात अचानक हलू लागणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. मधुमेह नसणाऱ्यांनीही डोळा सुजणे, मान आखडणे, जोराचा ताप किंवा गुंगी अशी लक्षणे दिसताच थांबू नये.


सह्याद्रीपुत्र (मस्कत)

मी कामानिमित्त वर्षातून चार वेळा मुंबईला येतो. विमान उतरू लागले की माझी डावी वरची दाढ असह्य दुखते आणि विमानतळाबाहेर पडेपर्यंत थांबते. एरवी काहीच नाही. दात तपासला तर तो ठीक आहे असे सांगतात. हे सायनसमुळे होऊ शकते का?


कान_नाक_घसा_नागपूर

होऊ शकते. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आणि पोकळीचे छिद्र सुजेने बंद असेल तर आत बाहेरइतका दाब तयार होत नाही, त्यामुळे अस्तर ओढले जाऊन दाढ दुखल्याचा भास होतो. उतरतानाच दुखते, चढताना नाही, ही खूण सायनसकडे बोट दाखवते. मात्र सिमेंटखालची फट किंवा मुळाशी असलेला दोष विमानात चढताना दुखू शकतो, म्हणून सीबीसीटी किंवा सायनसचा सीटी एकदा करून घ्या. सर्दी असताना शक्यतो विमानप्रवास टाळा.


गोदाकाठ (नाशिक)

सोमवारी दातांच्या डॉक्टरांकडे आपण सांगितलेले प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेले. त्यांनी ते नाराज न होता वाचले आणि सर्व दाढांची थंडाची चाचणी केली. ज्या मागच्या दाढेचे रूट कॅनॉल ठरले होते तिने निरोगी दाढेसारखे उत्तर दिले. उपदाढही निरोगी निघाली. डॉक्टरांनी स्वतः रूट कॅनॉल रद्द करून मला सीबीसीटीला पाठवले.

अहवाल काल आला. दोष कॅप असलेल्या पहिल्या दाढेत आहे. तिच्या गालाकडच्या पुढच्या मुळात दोन नळ्या होत्या, आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांतली एकच भरली गेली होती. दुसरी नळी तशीच राहिली, तिच्या टोकाशी हाड झिजून पोकळी तयार झाली, आणि सायनसच्या तळाचे हाड त्या जागी दिसेनासे झाले आहे. वरचे अस्तर जाड झाले असून सायनस निम्म्याहून अधिक भरला आहे. ज्या दाढेचा मी उल्लेखही केला नव्हता तीच मूळ कारण निघाली, आणि ज्या दाढा दुखत होत्या त्यांचा काहीही दोष नव्हता. मी रात्रभर याच विचारात होते की त्या सोमवारी निरोगी दाढेची नस काढली गेली असती आणि दुखणे तसेच राहिले असते.

एक प्रश्न अजून आहे. दोषी दाढ एवढी वर्षे दुखली का नाही?


दंतवैद्य_सातारा

दाताच्या मुळाशी पू साचला आणि त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही की दाब वाढतो आणि असह्य ठणका लागतो. आपल्या दाढेच्या मुळाशी साचलेल्या पुवाला वर सायनसमध्ये वाट मिळाली, त्यामुळे दाब तयारच झाला नाही. दातामुळे होणाऱ्या सायनसच्या दाहात मूळ दात अनेकदा अजिबात दुखत नाही, आणि म्हणूनच हे निदान वर्षानुवर्षे निसटते. सर्दीने सायनसचे छिद्र बंद झाले तेव्हा आतला पू कोंडला आणि शेजारच्या निरोगी दाढा बोलू लागल्या.

पहिल्या डॉक्टरांना एका गोष्टीसाठी दोष देऊ नका. वरच्या पहिल्या दाढेच्या त्या मुळात दुसरी नळी निम्म्याहून अधिक लोकांत असते, पण ती अतिशय बारीक असते, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राशिवाय ती सापडणे कठीण असते. नऊ वर्षांपूर्वी सर्वत्र अशी यंत्रे नव्हती. मात्र कॅप बसवलेल्या दाढेचा दोन-चार वर्षांनी एकदा एक्स-रे काढावा, हे आपल्याला तेव्हा सांगायला हवे होते.

आता आपल्यासमोर तीन मार्ग आहेत. रूट कॅनॉल पुन्हा उघडून राहिलेली नळी शोधून साफ करून भरणे. ते जमले नाही तर हिरडीतून मुळाचे टोक छोट्या शस्त्रक्रियेने कापून बंद करणे. आणि शेवटी दाढ काढणे. दाढेची भिंत तडकलेली नसेल तर पहिला मार्ग आधी घ्यावा. दाढ काढण्याची वेळ आलीच तर सायनसच्या तळाला भोक राहू शकते, म्हणून ते काम तोंडाच्या शल्यचिकित्सकांकडूनच करून घ्यावे. नळी साफ झाल्यावर अनेकांचा सायनस आपोआप मोकळा होतो. दोन-तीन महिन्यांत झाला नाही तर दुर्बिणीने नाकावाटे शस्त्रक्रिया करावी लागते. क्रम कोणता ठेवायचा हे आपल्या दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. आपण दोघांना सीबीसीटीची एकेक प्रत द्या आणि फोनवर बोलण्याची विनंती करा. ती करण्यात संकोच मानू नका.

आपल्या जाऊबाईंबद्दल विचारतो. त्यांचे दुखणे ठणक्यासारखे आहे की विजेच्या झटक्यासारखे? तोंड धुताना, ब्रश करताना किंवा गालाला वारा लागताच काही सेकंद कळ येऊन जाते का?


रानजाई (कोल्हापूर)

सायनसच्या तळाला भोक राहते म्हणजे काय होते, ते मी अनुभवले आहे. वरची दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट घेतला आणि ते नाकातून बाहेर आले. मी घाबरून त्याच दिवशी गेले म्हणून डॉक्टरांनी गालाकडची हिरडी ओढून टाके घातले आणि जखम भरली. दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडे ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचे नाही, हे नियम मी काटेकोर पाळले. आमच्या ओळखीतल्या एकांनी ‘होईल बंद आपोआप’ म्हणून तीन महिने काढले आणि त्यांना मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. दाढ काढल्यावर नाकातून पाणी आले किंवा बोलताना हवा फुसफुसली तर त्याच दिवशी परत जावे.


गोदाकाठ (नाशिक)

तीन महिन्यांनी लिहीत आहे. रूट कॅनॉल तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली कॅपमधून वाट काढून राहिलेली नळी शोधली आणि तीन बैठकांत ती साफ करून भरली. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलून नाक धुणे आणि स्टिरॉइडचा फवारा चालू ठेवला. दुर्गंधी दुसऱ्या आठवड्यातच गेली. पाचव्या आठवड्यानंतर नाकपुडीतला स्राव थांबला, आणि आता वह्या उचलायला वाकताना काहीच जाणवत नाही. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत सायनस बराच मोकळा दिसला. हाड भरून येते की नाही हे पाहण्यासाठी सहा महिन्यांनी पुन्हा सीबीसीटी करायची आहे.

जाऊबाईंना मी आपला प्रश्न वाचून दाखवला. त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की गेली चार वर्षे त्या उजव्या हाताने तोंड धुतच नाहीत, कारण पाण्याचा हात नाकाच्या बाजूला लागला की वीज पडल्यासारखी कळ येते. हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण सगळे फक्त दाताबद्दल विचारत होते. आम्ही त्यांना मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चेहऱ्याच्या त्याच नसेच्या विकाराचे, ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे, निदान करून एमआरआय करून घेतला आणि कार्बामाझेपिन सुरू केले. गेल्या बारा दिवसांत त्यांना एकही झटका आलेला नाही. डॉक्टरांनी रक्ताच्या चाचण्या वेळेवर करत राहण्यास आणि गोळी मनाने बंद न करण्यास सांगितले आहे. त्यांच्या दोन दाढा मात्र गेल्याच.


दंतवैद्य_सातारा

वाचून फार समाधान वाटले. जाऊबाईंना माझे एक सांगणे पोहोचवा: गोळ्या चालू असताना कोणी तिसरी दाढ काढण्याचा सल्ला दिला, तर आधी थंडाची चाचणी आणि एक्स-रे करून घ्यावा आणि चेहऱ्याच्या नसेचे निदान त्या डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे. तुमच्या दाढेच्या सहा महिन्यांनंतरच्या सीबीसीटीबद्दल इथे अवश्य कळवा.